घड्याळ म्हातारं कोणी केलं?

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी मनगटावर थरथर झाली. ऑफिसचा मेसेज असेल म्हणून पाहिलं, तर घड्याळ स्वतःबद्दलच काहीतरी सांगत होतं. 'या मॉडेलला यापुढे नवीन अपडेट मिळणार नाहीत.' आणि लगेच खाली निळं बटण : 'नवीन मॉडेल पाहा'. तेराव्याचं बोलावणं आणि दुसऱ्या लग्नाची पत्रिका एकाच पाकिटात घालून पाठवावी, तसा प्रकार.

घड्याळ तेव्हा मेलेलं नव्हतं. वेळ बरोबर दाखवत होतं, पावलं मोजत होतं, नाडी मोजत होतं, आईचा फोन आला की थरथरत होतं. २०२१च्या दिवाळीत घेतलेलं. काचेवर एक ओरखडा, पट्टा एकदा बदललेला. बॅटरी पूर्वी दोन दिवस जायची, आता सकाळी शंभर टक्के केली की रात्री आठला मान टाकते. एवढंच त्याचं दुखणं.

मी काय केलं? बटण दाबलं. खोटं कशाला सांगू. पंधरा मिनिटांत नवं घड्याळ कार्टमध्ये होतं. किंमत ३१,९९९ रुपये, नो-कॉस्ट ईएमआय, जुनं दिलं तर एक्स्चेंजचे बाराशे. ओटीपीसुद्धा आला होता. तेवढ्यात आप्पांचा गावाहून फोन आला. ते नेहमीप्रमाणे दोन वाक्यं बोलले आणि ठेवला. पण तोवर ओटीपीची मुदत संपली होती आणि मी आप्पांच्या घड्याळाचा विचार करत बसले होते.

त्या विचारातून जे हाती लागलं ते सरळ सांगते. ही घड्याळं आपोआप जुनी होत नाहीत, केली जातात. आणि ती जुनी करायला जी हत्यारं वापरली जातात, त्यातलं सगळ्यात धारदार हत्यार म्हणजे आपल्याला आपल्या माणसांबद्दल वाटणारी भीती.

*

आप्पा एसटीत कंट्रोलर होते. गाडी कधी आली, कधी सुटली, किती मिनिटं उशीर, हे रजिस्टरात लिहिण्यात त्यांची नोकरी गेली. त्यांच्या हातात एचएमटीचं घड्याळ असायचं, लग्नात आजोबांनी, म्हणजे आईच्या वडलांनी दिलेलं. सकाळचा चहा व्हायच्या आत त्याला चावी द्यायची, हा नेम. दोन-तीन वर्षांनी एकदा ते घड्याळवाल्याकडे जायचं. तो डोळ्याला भिंग लावून पाठ उघडायचा, साफ करायचा, तेल घालायचा, आणि घड्याळ परत हातावर.

मी पहिलं स्मार्टवॉच घेतलं २०१८ साली, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी. २०२१ला दुसरं घेतलं. पहिल्याचं काय करायचं? आप्पांना दिलं. तुमच्यापैकी निम्म्यांनी हेच केलं असणार. आपल्या पिढीचं हे ठरलेलं समर्थन आहे : वाया कुठे जातंय, घरी देते ना. फोन, टॅब, इअरफोन, घड्याळ, सगळं पुण्या-मुंबईहून गावाकडे वाहत जातं. म्हाताऱ्या आईबापांची मनगटं म्हणजे आपलं गोदाम. त्यांना वस्तू मिळते, आपल्याला नवी घ्यायचा परवाना मिळतो.

एचएमटी कपाटात गेलं आणि आप्पांच्या हातावर माझं उतरलेलं घड्याळ आलं. कंट्रोलरच तो, नोंदीवर विश्वास ठेवणारा. रोज संध्याकाळी फोनवर आकडा सांगायचे. 'आज सहा हजार दोनशे झाली.' दहा हजार होत नाहीत म्हणून खट्टू व्हायचे. तो दहा हजारांचा आकडा १९६५ साली एका जपानी कंपनीने आपल्या पाऊलमोजणी यंत्राच्या नावात घातला होता. 'मान्पो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. जाहिरातीतला आकडा साठ वर्षांनंतर पाटण तालुक्यातल्या एका रिटायर्ड माणसाला अपराधी वाटायला लावत होता. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी म्हणायचे, 'आप्पा, उद्या करा पूर्ण.'

मग २०२४च्या पावसाळ्यातली ती रात्र. दोनच्या सुमाराला त्यांना छातीत जड वाटायला लागलं. जबडा दुखत होता, घाम आला होता. आई म्हणाली, शेजारच्यांना उठवू का, गाडी काढतील. आप्पांनी मनगट वर केलं. हिरवे दिवे लुकलुकले. नाडी ७८. 'घड्याळ बरोबर दाखवतंय. गॅस असेल,' ते म्हणाले, आणि ओवा चावून पडून राहिले.

सकाळी सातला कराडला नेलं. छातीवर, हातापायांवर वायरी लावून काढलेला ईसीजी पाहून डॉक्टरांनी एक मिनिट घालवलं नाही. हार्ट अटॅक होता. अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट बसले. आप्पा आज ठीक आहेत, फिरतात, भांडतात. पण मधले पाच तास गेले ते गेले. ते तास घड्याळाने खाल्ले असं मी म्हणत नाही. घड्याळाने आपलं काम चोख केलं होतं. नाडी खरोखरच ७८ असणार. चूक झाली ती ते घड्याळ काय सांगू शकतं आणि काय नाही, हे कोणीच आप्पांना न सांगण्यात. त्या 'कोणीच'मध्ये मी पहिली.

*

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात माझा मावसभाऊ माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, 'ताई, तू त्यांना जुनं मॉडेल दिलंस ना. नव्यात ईसीजी असतो.'

हे वाक्य वर्षभर माझ्या काळजात रुतून होतं. मी आप्पांना उष्टं घड्याळ दिलं. चार पैसे वाचवले. ओटीपी आला त्या संध्याकाळी कार्टमध्ये माझंच घड्याळ होतं, पण हिशोब असाच चालला होता : मला नवं, माझं चालू आहे ते आप्पांना, आणि पुढच्या वर्षी त्यांनाही ईसीजीवालं.

मग मी शेवटी जे आधी करायला हवं होतं ते केलं. नीट वाचलं.

मनगटावरचा ईसीजी हृदयाकडे एकाच कोनातून पाहतो. हॉस्पिटलातला बारा कोनांतून पाहतो. घड्याळाचा ईसीजी मुख्यतः एक गोष्ट शोधण्यासाठी आहे : एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बिघडलेली, वेडीवाकडी लय. हार्ट अटॅक ही वेगळी गोष्ट आहे. तिथे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी वाहिनी बंद पडते, आणि त्या वेळी लय अगदी सुरळीत असू शकते. ॲपल आपल्या ईसीजी ॲपमध्ये स्वतःच स्पष्ट सांगते की घड्याळाला हार्ट अटॅक ओळखता येत नाही. म्हणजे नवं मॉडेल असतं, तर त्या रात्री काय झालं असतं? आप्पांनी बोट टेकवून तीस सेकंद धरलं असतं आणि बहुधा 'सायनस ऱ्हिदम', म्हणजे लय ठीक, असा निकाल आला असता. आकडा पाहून ते पाच तास झोपले. सर्टिफिकेट पाहून किती वेळ झोपले असते?

मावसभावाला मी दोष देत नाही. त्याला हे वाक्य कोणी शिकवलं ते पाहा. नव्या घड्याळाच्या जाहिरातीत कोणीतरी पडतं, घड्याळ हाक मारतं, माणूस वाचतो. अशी माणसं खरोखर वाचली आहेत, मी नाकारत नाही. पण त्या गोष्टीचा उपयोग तुमच्या हातातलं चालू घड्याळ काढून घ्यायला होतो, तेव्हा ती निव्वळ धमकी असते. 'जुन्यावर भागवताय? ठीक आहे. काही झालं तर मग…' एवढंच म्हणायचं आणि गप्प बसायचं. उरलेलं वाक्य आपण स्वतः पूर्ण करतो, रात्री, अंथरुणात.

आता गंमत ऐका. या घड्याळांच्या बाजूने सगळ्यात जास्त दाखला दिला जातो तो स्टॅनफर्ड विद्यापीठाने ॲपलच्या पैशाने केलेल्या अभ्यासाचा. चार लाखांहून जास्त लोक त्यात होते, निष्कर्ष २०१९मध्ये छापून आले. अनियमित नाडीचा इशारा मिळाला तो साधारण अर्ध्या टक्का लोकांना. आणि ती घड्याळं कोणती होती? पहिल्या तीन सिरीजची. ईसीजी नसलेली. हिरवा प्रकाश त्वचेत सोडायचा, रक्त तो किती शोषतं ते पाहायचं, त्यावरून ठोके मोजायचे, हे तंत्र. म्हणजे ज्याला आज 'जुनं' म्हणून बाराशे रुपयांत काढून घेतात, त्याच तऱ्हेच्या यंत्रावर नव्याची कीर्ती उभी आहे.

आणखी एक. २०२०मध्ये रक्तातला ऑक्सिजन मोजणं हे ॲपलच्या नव्या घड्याळाचं मोठं आकर्षण होतं. कोविडचं वर्ष, लोकांनी त्याच्यासाठी अपग्रेड केलं. पुढे पेटंटवरून मॅसिमो या कंपनीशी वाद झाला, आणि जानेवारी २०२४पासून अमेरिकेत तीच घड्याळं ती सोय बंद करून विकायला लागली. ऑगस्ट २०२५मध्ये ती वेगळ्या रूपात परत आली. मधल्या दीड वर्षात त्या देशात कोणाचं रक्त बदललं होतं? जी सोय नसेल तर जीव धोक्यात आहे असं वाटायला लावलं, ती कोर्टकज्जात दीड वर्ष बाजूला ठेवता येते. फेब्रुवारी २०२४मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाला जाहीर इशारा द्यावा लागला की सुई न टोचता रक्तातली साखर मोजणाऱ्या कुठल्याही घड्याळाला आम्ही मान्यता दिलेली नाही. आपल्याकडे दोन-अडीच हजारांच्या घड्याळांच्या खोक्यांवर काय काय छापलेलं असतं, ते एकदा वाचून बघा.

*

भीतीने काम झालं नाही, तर दुसरी दोन हत्यारं आहेत. डिंक आणि तारीख.

डिंकाचं आधी. बॅटरी कमी टिकते म्हणून मी घड्याळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेलं. तिथल्या मुलाने न बघताच सांगितलं, 'मॅम, या मॉडेलची बॅटरी येत नाही. एक्स्चेंज करून टाका.' गावी गेले तेव्हा हट्टाने आप्पांच्या जुन्या घड्याळवाल्याला दाखवलं. त्याने ते उलटंपालटं केलं, नख लावून पाहिलं, पुन्हा उलटं केलं. 'ताई, ह्याला पाठच नाही,' तो म्हणाला. त्याच्या पन्नास वर्षांच्या धंद्यात त्याने पाठ नसलेलं घड्याळ पाहिलं नव्हतं.

लिथियमची बॅटरी झिजते. तो तिचा धर्म आहे. तीन-चार वर्षं रोज चार्ज केली की तिची ताकद कमी होणार, हे बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. झिजणारा भाग असा चिकटवून बंद करायचा की तो बदलता येऊ नये, याला काय म्हणायचं? सायकलचा टायर रिमला वेल्डिंग करून विकला, तर आपण दुकानदाराला जाब विचारू. इथे आपण 'स्लिम डिझाइन' म्हणतो.

पाणी आत जाऊ नये म्हणून चिकटवावंच लागतं, असं उत्तर वर्षानुवर्षं मिळत होतं. गूगलच्या पिक्सेल वॉचच्या पहिल्या तीन पिढ्यांची काच फुटली तर दुरुस्तीच नव्हती. २०२५मध्ये त्याच कंपनीने चौथी पिढी काढली, स्क्रू असलेली, बॅटरी आणि काच बदलता येणारी, आणि तरी पाण्यात चालणारी. म्हणजे करता येत होतं. भौतिकशास्त्राची अडचण नव्हती. मनात नव्हतं.

आता तारीख. आज तुम्ही गूगलचा किंवा सॅमसंगचा महागडा फोन घेतलात, तर सात वर्षं अपडेट देऊ असं लेखी वचन मिळतं. त्याच गूगलने पिक्सेल वॉचला वचन दिलं ते तीन वर्षांचं. खिशातली वस्तू सात वर्षं जगवता येते, तर मनगटावरची तीन वर्षांत का मरते? मनगटावर असं काय वेगळं आहे? काही नाही. फोनबद्दल लोकांनी आरडाओरडा केला, सरकारांनी डोळे वटारले. युरोपियन युनियनने जून २०२५पासून फोन आणि टॅबच्या दुरुस्तीचे आणि अपडेटचे नियम लागू केले. घड्याळं त्यात नाहीत. जिथे कोणी विचारत नाही, तिथे तीन वर्षं.

सोन्याचाही या तारखेपुढे निभाव लागत नाही. २०१५मध्ये ॲपलने अठरा कॅरेट सोन्याचं घड्याळ काढलं होतं, किंमत दहा हजार डॉलरपासून पुढे. २०१८मध्ये नवी सिस्टीम आली आणि पहिल्या पिढीची सगळी घड्याळं बाहेर पडली, सोन्याचं धरून. आपल्याकडे सोनं घेतात ते नातवंडांपर्यंत जावं म्हणून. इथे सोनं शाबूत आणि घड्याळ साडेतीन वर्षांत बाद.

याच्या उलट पेबल बघा. २०१२मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणीतून एक कोटी डॉलरहून जास्त जमवणारं साधं घड्याळ. २०१६च्या अखेरीस कंपनी बंद पडली, २०१८मध्ये सर्व्हरही बंद झाले. पण ते वापरणाऱ्यांनी 'रिबल' नावाचा गट करून स्वतःची सेवा उभारली आणि मेलेल्या कंपनीची घड्याळं चालू ठेवली. जानेवारी २०२५मध्ये त्याचं सॉफ्टवेअरही गूगलने सगळ्यांसाठी खुलं केलं. बुडालेल्या कंपनीचं घड्याळ हौशी लोक वर्षानुवर्षं जगवतात, आणि अब्जावधी नफ्यातल्या कंपन्यांना ते परवडत नाही म्हणे.

*

तुम्ही म्हणाल, बाई, तू स्वतः आयटीतली. हो. म्हणूनच सांगते. 'एंड ऑफ सपोर्ट'ची मेल कशी लिहितात ते मला माहीत आहे, कारण मी लिहिली आहे. जुन्या सिस्टीमवर टेस्टिंगला माणसं लागतात, पैसे लागतात, हे खरं आहे. कधीतरी थांबावं लागतं, हेही खरं. पण कुठे थांबायचं हे ठरवणाऱ्या मीटिंगमध्ये 'वस्तू अजून चांगली आहे का' हा प्रश्न मी कधी ऐकला नाही. 'किती लोक अजून यावर आहेत आणि त्यातले किती नवं घेतील' हा ऐकला आहे.

तुम्ही म्हणाल, जबरदस्ती कोणी केली? नको तर नका घेऊ. ही जबरदस्तीच आहे, फक्त हळू चालणारी. आधी अपडेट थांबतं. मग बँकेचं ॲप म्हणतं सिस्टीम जुनी. मग फोन बदलला की घड्याळ त्याला जोडलं जात नाही. शेवटी ते चालू असूनही बंद असतं. याला निवड म्हणायचं असेल तर म्हणा.

आणि तुम्ही म्हणाल, मग काय, एचएमटीच्या काळात परत जायचं? नाही. एचएमटी रोज मिनिटभर मागे पडायचं आणि आप्पा रेडिओच्या बातम्यांवर लावून घ्यायचे. सिटिझनच्या मदतीने १९६१मध्ये सुरू झालेला तो सरकारी कारखानाही काळाबरोबर बदलला नाही, आणि २०१६मध्ये सरकारने तो बंद करायचं ठरवलं. मला चावी नको आहे. मला पाठ हवी आहे. उघडता येईल अशी पाठ.

मागणं फार नाही. घड्याळाच्या खोक्यावर किमतीइतक्याच मोठ्या अक्षरांत छापा की अपडेट कुठल्या तारखेपर्यंत मिळेल. औषधाच्या पाकिटावर एक्स्पायरी छापता येते, तर हेही येईल. बॅटरी बदलता येईल असं घड्याळ बनवा आणि ती बॅटरी विका. सपोर्ट संपला की घड्याळ दुसऱ्या कोणाला जगवता येईल असं कुलूप उघडून द्या. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. चांगलं केलं. पण पोर्टलवर सर्व्हिस सेंटरचा पत्ता मिळून काय उपयोग, तिथे जाऊन 'बॅटरी येत नाही' एवढंच ऐकायचं असेल तर?

आणि आपल्याकडूनही एक. निळं बटण दाबण्याआधी स्वतःला विचारायचं : माझा असा कुठला प्रश्न आहे ज्याचं उत्तर हे घड्याळ देत नाही? असेल तर खुशाल घ्या. पडण्याची भीती असलेली एकटी आजी आहे, लयीचा आजार निघालाय आणि डॉक्टरांनी सांगितलंय, तर जरूर घ्या. मी तो प्रश्न कागदावर लिहायला बसले. कागद कोरा राहिला.

माझं घड्याळ शेवटी मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका पोराने उघडलं. हॉट एअर गनने कडा गरम केल्या, पातळ पात्याने काच उचलली, बॅटरी बदलली. नऊशे रुपये. 'आता पाण्याची गॅरंटी नाही हां,' त्याने बजावलं. म्हणून भांडी घासताना काढून ठेवते. पुन्हा दीड दिवस टिकतं. निळं बटण दर आठवड्याला येतं, मी बाजूला सरकवते.

आप्पांनी माझं ते २०१८चं घड्याळ स्वतःहून उतरवलं आणि एचएमटी परत बांधलं. मी त्यांना नवं काही दिलं नाही. आईकडे शेजारच्या गाडीवाल्याचा आणि १०८चा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रीजवर लावलाय, आणि खाली एक ओळ : छातीत दुखलं तर आधी फोन, घड्याळाकडे बघायचं नाही.